कोणती भिलाटी

मुलगी नहाणीतून आली, केस तसेच पिंजारलेले,
आणि नाना ताटावरची मान वर न करता म्हणाले,
"भिलाटीमाईन उनी का व?"

वाक्य जुनंच.
मी शहाद्याला सून म्हणून आले त्याच्या आधीपासून
या घरात आहे, मिठाच्या बरणीसारखं,
हात जातो, नजर जात नाही.
अमळनेरला माझी आईसुद्धा हेच म्हणायची
फणी टाळूवर आपटत.
मी म्हटलंय. परवाच म्हटलंय.

आज फक्त जमना बसली होती शेजारी,
जमना मालचे, हॉस्टेलातली मैत्रीण,
सारंगखेड्याकडची,
कळण्याची भाकरी मोडत.
तिनं घास गिळला, पाणी प्याली,
आणि पत्ता विचारावा तसं विचारलं,
"कोणत्या, आजोबा?
आमच्याकडे तीन आहेत.
वरची, शाळेमागची,
आणि नदीकाठची, ती पुरात गेली,
आता नुसतं नाव."

पंखा फिरत राहिला.

नाना जिनिंगमध्ये एकतीस वर्षं काट्यावर होते.
कापूस किती ओला, चिमटीत धरून सांगायचे.
त्यांनी तिच्या ताटात तूप वाढलं.
पुन्हा वाढलं.
ती नको म्हणाली, तरी वाढलं.

भांड्यांपाशी मुलगी मला म्हणाली,
"नानांचं वय झालं. तुझं काय, मम्मी?"
मी नळ मोठा सोडला.

स्टँडवर जमनाला सोडायला मीच गेले.
माफीचं काहीतरी जुळवत होते,
पण बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता.
तीच बोलली, पिशवी मांडीवर घेत,
"काकू, बाजाराच्या दिवशी माझी आजी
आम्हाला तेल जरा जास्तच चोपडायची.
घट्ट वेणी. डोळे ताणले जायचे इतकी.
का, ते कधी सांगितलं नाही तिनं."

बस निघाली.
मला माझ्या आईची फणी आठवली,
आणि पहिल्यांदाच, तिच्या आजीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी
मुलगी पुन्हा तशीच अंगणात, मुद्दामच असेल.
मे महिना, केस उन्हात खडखडीत वाळलेले.
नानांनी पेपर खाली केला.
"भि…"
तोंड उघडंच राहिलं क्षणभर,
सत्याहत्तर वर्षांची जीभ
उताराला लागलेली बैलगाडी आवरावी तशी आवरत.
"भि… भिजनात का व केस?"

मुलीनं कोरड्या केसांवरून हात फिरवला.
"हो नाना," म्हणाली,
"भिजलेत."