गाठ

तार्तूच्या प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना
तळाच्या खणात ती गुंडाळी सापडली:
पिवळा पडलेला आलेखाचा कागद,
त्यावर एक सपाट रेघ, पेन झोपी गेल्यासारखी,
आणि कोपऱ्यात विर्वेबाईंचं बारीक अक्षर.
"लाइने, वय नऊ. हीउमा बेट. मार्च १९८१.
यंत्र बिघडलेलं नाही."

यंत्र त्यांनीच जुळवलं होतं.
मोटारीच्या दिव्याचा बल्ब, एक फोटोसेल,
वेधशाळेनं मोडीत काढलेल्या दाबमापकाचं पेन.
गढूळ प्लाझ्मातून प्रकाश सोडायचा.
बिंबाणू एकमेकांना धरू लागले
की प्लाझ्मा निवळतो, पेन वर चढतं.
एवढंच.
बाईंची सगळी हयात त्या एवढंचमध्ये गेली.

काचेला ते लगेच चिकटतात, म्हणून प्लास्टिकच्या नळ्या.
नळ्या मिळत नसत,
म्हणून त्याच धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा वापरायच्या.
नोकरीची पहिली तीन वर्षं
मी फक्त नळ्या धुतल्या.

प्रमुख म्हणाले, पेन अडकलंय तुमचं.
बाई पुन्हा बेटावर गेल्या.
सरहद्दीचा मुलूख, जायला परवाना लागे.
परतीच्या बोटीवर सैनिकानं विचारलं,
रक्त आहे तर बर्फात का नाही?
बाईंनी कोटाची बटणं सोडून काखेतल्या नळ्या दाखवल्या.
"गारठले की हे रुसतात. मग कामाचे राहत नाहीत."
तो हसला नाही,
पण शेगडीजवळची स्वतःची जागा त्यानं दिली.

दुसऱ्यांदा सपाट.
तिसऱ्यांदाही.
मग हेलसिंकीच्या पाहुण्यानं
दंतमंजनाच्या डबीत लपवून आणलेली भुकटी
चिमूटभर टाकली, आणि पेन उठलं.
म्हणजे त्यांना भिंत धरता येत होती,
एकमेकांना नाही.
शेजारून वाहत होते सगळे जन्मभर,
गाठ पडत नव्हती.

लाइनेच्या आईनं घरात पांढरी उशी कधी शिवली नाही.
मोठी मुलगी दाढ काढायला गेली होती,
ती परत आली नाही.
चर्चच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलंय: ताप.

तेरा वर्षांनी कळलं, जनुकात एक अक्षर चुकलंय.
निबंध सहा पानांचा. त्यात लाइने झाली "रुग्ण १".
पहिल्या मसुद्यात बाईंनी नाव लिहिलं होतं,
खोडलं तेव्हा मी समोर होते.
कागद फाटेस्तोवर खोडलं.

आणि ते बाळंतपण, दोन हजार एकचं.
पाळण्यासारख्या हलत्या यंत्रावरून पिशव्या उचलून
आम्ही दोघी जिन्यानं धावलो, लिफ्ट बंद होती.
बाहेर बाकावर लाइनेचा बाप, एंडेल,
हातांना अजून मासळीचा वास.
त्यानं एक पिशवी मागितली,
खिडकीच्या उजेडात तिरकी केली, हलकेच हलवली.
आत चंदेरी धूर फिरला.
"हेरिंग," तो म्हणाला. "थवा वळतो तेव्हा अस्साच."
वर्गात बाई तोवर त्याला "भोवऱ्यांचं चिन्ह" म्हणत.
त्यानंतर कधी म्हणाल्या नाहीत.

"किती जगतात हे?"
"अंगात दहा दिवस. पिशवीत पाच."
एंडेल बराच वेळ गप्प.
"मग तुमची ओळख तरी कशी होते, बाई?"

बाईंकडे उत्तर नव्हतं.
आत कुणीतरी रडलं, बारीक आवाजात,
आणि आणखी दोन पिशव्या मागितल्या.

यंत्राच्या बाजूला अजून एक फोटो चिकटवलेला आहे:
सायकलवरून पडलेला लहान गुडघा, त्यावर करकरीत खपली.
मागे लाइनेनं लिहिलंय,
काढायला बघते सारखी. मी हात धरून ठेवते.

आज संध्याकाळी विर्वेबाईंचा फोन आला.
तळाच्या खणात काही राहिलंय का?
नाही, म्हटलं.
गुंडाळी कोटाच्या आत सरकवली, काखेत,
सवयीनं,
आणि नदीकाठानं जरा सावकाश चालत घरी आले.