चोरकप्पा

चित्राच्या सहाशे पंचवीस ओळी,
त्यातल्या पाचशे शहात्तर दिसतात.
उरलेल्या एकोणपन्नास कुणाच्या?

जुन्या डब्यात किरण डावीकडून उजवीकडे चालायचा,
तळाशी पोचला की पुन्हा वर, रिकाम्या हातानं.
तेवढ्या वेळापुरता पडदा काळा.
आता किरण गेला,
परतीची वाट मात्र ठेवली आहे,
घर सोडून गेलेल्याचं ताट अजून मांडावं तशी.
आणि रिकामी जागा दिसली
की माणसं तिथं काहीतरी ठेवणारच.
आवाज, उपशीर्षकं, घड्याळ,
सगळं पुड्या बांधून:
तोंडाशी खूण, की हे चित्र नव्हे,
मग आत किती आहे त्याचा आकडा,
आणि शेवटी बेरीज,
वाटेत कुणी चिमूटभर काढलं तर कळावं म्हणून.

मी ओउलूच्या प्रसारण केंद्रात, तळघरात बसते.
इकडून फीत घालते, तिकडून फाइल निघते.
दिवसाला नऊ. सांगितलंय दहा.

फितीतलं घड्याळ तास, मिनिट, सेकंद, चौकट सांगतं
आणि शेजारी आठ घरं मोकळी सोडतं.
‘वापरणाऱ्यासाठी’, एवढंच पुस्तिकेत लिहिलंय.
लोक तिथं तारीख भरतात.
ऑन्नी क्युल्लोनेन, रात्रपाळी,
तारीख भरत नव्हता.

००४२००००
००४४००००
००४४००००

खाली हिरव्या कोटातली बाई बातम्या वाचतेय,
महापौर पुलाची फीत कापतोय, आइस हॉकी तीन-एक,
आणि चौकटीच्या डोक्यावर
केसांत अडकलेल्या पिसासारखं,
सेकंदाला पंचवीस वेळा:
बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस.

आधी वाटलं बिघाड. मग वाटलं लॉटरी.
फेब्रुवारीत अठ्ठावन्न. मार्च संपताना त्रेसष्ट.
एप्रिलमध्ये चाळीस, एकतीस, एकोणीस.
त्यानंतर शून्य.
अख्खा मे महिना शून्य.
तळघरात एकटीनं बसून शून्यं वाचू नयेत.

त्याची बायको हिल्या हाइलुओतो बेटावर राहते.
फोन उचलला, ऐकून घेतलं.
“बर्फ,” म्हणाली.
“रोज कामावर जाताना भोक पाडून मोजायचा.
गाडी समुद्रावरूनच न्यायचा.
फेरीला रांग असते, म्हणून कुरकुर.”

त्या एप्रिलमध्ये काही झालं होतं का, मी विचारलं.
पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज.
“काय व्हायचंय? बर्फ गेला. मग बसला रांगेत.
सात वर्षं रोज गेला, रोज आला.”

मग जरा थांबून:
“मला कधी आकडा सांगितला नाही त्यानं.
विचारलं की म्हणायचा, पुरेसा आहे.”

आणखी थांबून:
“कमीत कमी किती लिहिलाय?”

मी सांगायला नको होतं.

“एकोणीस,” ती म्हणाली. “एकोणीसवर गाडी घातली.
मेला!”
नवऱ्याला रागात म्हणतात तसं म्हणाली,
तो खरंच गेल्याला सहा वर्षं झाली तरी.
मग हसायला लागली, आणि ते हसू
बराच वेळ फोनमध्ये गरगरत राहिलं,
भोक पाडणाऱ्या गिरमिटासारखं.

फाइल करताना यंत्र एक खिडकी उघडतं:
चित्राखेरीजची माहिती ठेवायची?
खूण आधीपासूनच ‘नाही’वर असते.
दहा दिवस मी न वाचताच पुढे गेले होते.
नव्वद फिती.
त्या आता शहराबाहेरच्या गोदामात आहेत,
फॉर्म भरून परत मागवता येतात,
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलं नाही.

आज ‘हो’वर खूण केली.
दुपारी विभागप्रमुख जिना उतरून आला,
पडद्यावर आकडे बघून विचारलं,
फायली जड का व्हायला लागल्यात?

आवाज असेल, म्हटलं.