पावती

रविवारी टाकीतली पातळी मीच मोजते.
लाकडी पट्टी आत सोडायची, वर काढायची,
हवेत हलवायची;
हिमाची पांढरी रेघ जिथवर, तिथवर नायट्रोजन.
आज अकरा इंच. वहीत लिहिलं.

बाहेर कर्वे रोडवर एप्रिलचं डांबर मऊ झालंय.
बाकावर ढमढेरे काका, धायरीहून स्कूटरवर आलेले,
हेल्मेटमध्ये पैशांचं पाकीट.
केमोच्या आधी ठेवलेली सात बीजांडं,
चौथा डबा, पिवळी नळी.
"वर्षाचं भाडं भरतो."

फॉर्मवर एक रकाना: रुग्णाची सही.
तो मी तिसऱ्या वर्षीही रिकामा सोडते.

"पावती शर्वरीच्याच नावानं करा,"
आणि निघता निघता,
हॉस्टेलच्या रेक्टरला विचारावं तसं,
"आत फार गारठा नाही ना?"

उणे एकशे शहाण्णव.

"नाही," मी म्हणते.