मधला गट

नर्सव्वा म्याकल, वय एकसष्ट, विडी घरकुल.
बारा दिवसांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन.
आज संध्याकाळी वॉकर धरून मोरीतून येताना
उंबऱ्यातच बसली
आणि म्हणाली, हवा संपली.

हवा कुठली संपते. मे महिना, सोलापूर,
रात्री अकरालाही खिडकीतून लोटत होती आत,
तापलेली, भरपूर.
पोटरीतली गाठ सुटून वर आली होती,
हृदयातून पार होऊन
दोन्ही फुफ्फुसांच्या तोंडाशी बसली होती.
सीटीत दिसली मला,
पांढऱ्या फांदीत राखी रंगाची, करंगळीएवढी.

मी तक्ता भरायला घेतला.
ऐंशीच्या पुढे वय? शून्य.
कॅन्सर? शून्य.
फुफ्फुसाचा जुना आजार?
चाळीस वर्षं तंबाखूच्या धुळीत, मांडीवर सूप,
पण कुणी तपासलंच नाही कधी. म्हणून शून्य.
नाडी एकशे अठरा. एक.
ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. एक.
वरचं बीपी शंभराच्या आत?
एकशे चार.
पट्टा सोडला, पुन्हा बांधला.
एकशे चार.

मास्कच्या आतून तिनं विचारलं, किती भरले?
मी म्हटलं, ऑक्सिजन वाढवलाय, मावशी.
अंबादास, तिचा मुलगा, कानाशी येऊन म्हणाला,
ते नाही ओ म्याडम.
कारखान्यात आहे असं वाटतंय तिला.
हजारातनं छाट किती काढली, विचारतीय.

बाराला इको. उजवी बाजू फुगलेली,
डावीला रेटत होती.
रक्तातला हृदयाचा आकडाही वाढलेला.
मधला गट. त्यातला वरचा.

खालच्या गटाला गोळ्या लिहून घरी सोडता येतं.
अगदी वरच्या गटात बीपी कोसळलेलंच असतं,
औषध सोडायचं, विचार नंतर.
मधल्या गटात रात्र असते.

सरांना फोन केला. ते म्हणाले, खुबा ताजा आहे,
हेपरिन चालू ठेव, दुसरं फोडून ठेवू नको,
पण हाताशी ठेव.
अंबादासला कॉरिडॉरमध्ये सांगितलं:
एक औषध गाठ विरघळवतं,
पण ऑपरेशनच्या जागी रक्त सुटेल,
शंभरातल्या दोघांच्या मेंदूतही सुटतं.
दुसरं गाठ वाढू देत नाही, एवढंच.
विरघळवायचं काम शरीराचं.

तो जॅकार्डवर पंचवीस वर्षं उभा आहे.
थोडा वेळ फरशीकडे बघत राहिला.
म्हणजे धागा कापायचा नाही,
माग बंद करायचा नाही,
आणि गाठ आपसूक सुटेपर्यंत बघत बसायचं?
मी म्हटलं, बघत बसायचं. दर पंधरा मिनिटांनी.
आमच्यात असं कोणी करत नाही, तो म्हणाला,
आणि सही केली, तेलुगूत.

एक वाजता एकशे दोन.
दीडला एकशे सहा.
दोनला अठ्ठ्याण्णव, आणि मी फ्रीजपर्यंत गेले,
कुपी हातात घेतली, थंडगार,
परत येऊन दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला: एकशे तीन.
कुपी परत ठेवली नाही. ट्रेमध्ये राहू दिली.

साडेतीनला तिची बोटं चादरीवर चालू लागली.
अंगठा आणि तर्जनी, काठ पकडून, दुमडून,
सोडून, पुन्हा पकडून.
विद्यार्थी असताना शिकवलं होतं आम्हाला,
अंथरूण चाचपणारा रुग्ण फार काळ राहत नाही.
माझ्या तक्त्यात त्याला गुण नव्हते.
मी कुपीचं झाकण उडवलं.

राहू द्या, अंबादास म्हणाला, स्टुलावरून, अर्धा झोपेत.
ती झोपलीय. रोज झोपेत वळते.
बाप म्हणायचा, पहाटेपर्यंत हिचा एक कट्टा होतो.

मी बोटांकडे पाहिलं.
पान, चिमूट, वळण, तोंड बंद, दोरा.
चुकत नव्हतं काही.
पट्टा फुगवला.
एकशे आठ.

झाकण उडालेली कुपी आता परत जात नाही,
सकाळी तिचा हिशोब मला द्यावा लागेल.
तिनं पंचविसावी वळली असावी,
कारण बोटं थांबली जराशी,
मग पुन्हा पहिल्यापासून.