पन्नास भाग

नोव्हेंबरात गुडघा बदलून घेतला, किंग्स्टनला.
डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे जिना नाही.
न्यू मॉल्डनमधल्या आमच्या शेजारीण नो बाई
(आडनावच नो, पण कशाला नाही म्हणताना
मी त्यांना ऐकलेलं नाही)
डबाभर मुळ्याची किमची ठेवून गेल्या, आणि एक सल्ला:
ही कोरियन मालिका बघ. पन्नास भाग आहेत.
तेवढ्यात गुडघा बरा होतो.

पहिल्या भागात काहीच घडत नाही.
सासू नि सून जमिनीवर वर्तमानपत्र पसरून
मांदेलीएवढ्या सुक्या माशांची डोकी खुडतात
आणि एकमेकींकडे न बघता भांडतात.
कशावरून, ते खाली इंग्रजीत येत होतं.
मी वाचलंच नाही.
मेथी निवडताना हे भांडण मी केलेलं आहे,
नाशिकला, सोळा वर्षं,
'हो का' आणि 'बरं' एवढ्या दोन शब्दांत.

सासरा तल-सू. नोकरी गेलेली.
तरी रोज टाय लावून निघायचा,
बागेतल्या बाकावर डबा खायचा,
आणि रिकामा डबा नळावर विसळून आणायचा,
बायकोला तेवढंच एक भांडं कमी.
चार वाजता बाहेर अंधार. हीटर टकटक करायचा.
मी त्या माणसावर रागावू की नको, ठरत नव्हतं.

बाविसाव्या भागात सासू, मक-रे, वय एकसष्ट,
पळी ओट्यावर ठेवते. म्हणते, आज मी नाही.
आणि पिशवी घेऊन निघते.
स्टेशनामागे भाड्यानं खोली घेते. एक खिडकी.
बाजारातून एकच वाडगा आणते, एकच चमचा.
वाडगा उलटा करून किंमत बघते,
स्वतःशीच हसते,
आणि भात खाते. कुणी हाक मारत नाही.
सात मिनिटं. मागे संगीतसुद्धा नाही.
ती सात मिनिटं मी तीनदा बघितली
आणि गोळी घ्यायची विसरले.

मग सव्विसावा भाग लागला.

पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात, मान्य.
मीही घातलंय. पण ती निदान आमटीच राहते.
इथे सिग्नल तोडून एक ट्रक आला
आणि धाकट्या मुलाची स्मृती घेऊन गेला.
मोत्यांच्या माळा घातलेली एक बाई आली,
तीस वर्षांपूर्वी बाजारात बाळ हरवलेली.
बाळ म्हणजे आपली सून, दुसरं कोण!
तल-सूची मूत्रपिंडं गेली.
जुळलं कुणाचं? विचारायलाच नको.
एकेचाळिसाव्या भागात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये,
मक-रे सगळ्यांची माफी मागते.
कशाबद्दल, ते मी या वेळी नीट वाचलं.
घर सोडल्याबद्दल.
मी कुबडी आपटली. खालच्या मजल्यावरून
कुणीतरी छताला झाडू आपटून उत्तर दिलं.

नो बाई म्हणाल्या, मी पंचविसाला थांबते.
नेहमीच.
मग मला का नाही सांगितलंत?
त्या म्हणाल्या, तुझा गुडघा पन्नास भागांचा होता.

शेवटी लग्न. शेवटी नेहमी लग्न.
सगळे फोटोसाठी उभे, मधोमध मक-रे,
गुलाबी रेशमात. पळी हातात नव्हती,
पण हात तसाच धरलेला.

विद्याधर या सगळ्या काळात
चहाचा कप घेऊन दारात उभा असायचा,
'मी नाही बघत हे' असं म्हणत.
परवा दिवा मालवल्यावर, बऱ्याच वेळानं,
मला वाटलं झोपला,
तेव्हा विचारतो,
त्या खोलीचं काय केलं गं पुढे?
कुठल्या?
स्टेशनामागच्या.
नाही दाखवलं, मी म्हणाले.
२१३ नंबरची बस कोपऱ्यावर थांबली, निघाली.
आणि वाडगा?
नाही.
कूस बदलली त्यानं. मग, भिंतीकडे तोंड करून,
भाडं कुठवर भरलं होतं तिनं?