थेटे सरांच्या तासाला

शेवटच्या बाकावर बसते मी, कर्कटकाने कोरलेल्या
कुणाच्या तरी बदामावर वही ठेवून.
विद्यापीठाच्या पत्रात माझं पद 'अध्यापन-मित्र',
शिपाईमामांच्या तोंडी 'इन्स्पेक्टरीण बाई'.
माझ्याकडे गुण नाहीत, शेरा नाही,
गोपनीय अहवाल तर नाहीच,
हे सरांना तीनदा सांगून झालंय.
तरी ते कडक इस्त्रीत आलेत
आणि फळा दोनदा पुसलाय, आधी ओला, मग कोरडा.

सकाळचे आठ. वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष.
पेठची गाडी अजून आलेली नाही, म्हणून
डावीकडची दोन बाकं रिकामी.
खिडकीखाली गंगापूर रोडला
कुणाची तरी स्कूटी सुरू होत नाहीये.

सर छान शिकवतात. म्हणजे,
सरांना सगळं छान येतं.
संजीवकं फळ्यावरून पाटाच्या पाण्यासारखी वाहतात
आणि साठ वह्या मान खाली घालून
आपापला वाफा भरून घेतात.

"जिबरेलिनचा शेतीत उपयोग काय?"
सर विचारतात,
आणि सांगूनही टाकतात.
मी घड्याळ बघते. एक सेकंद. फार तर सव्वा.
तासाभरात एकवीस प्रश्न,
एकवीस उत्तरं, सगळी सरांचीच.

स्टाफरूममध्ये चहा बशीत ओतत ते म्हणाले,
"बोला, किती चुकलं?"
चुकलं काहीच नाही. फक्त
विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजाल?
"सात! मॅडम, सातात वर्ग हातचा जातो."
मग बराच वेळ बशीत बघून,
"शांत झालं ना सगळं, की वाटतं
मलाच काही येत नाही."

मी त्यांना सिन्नरचं सांगितलं.
अकरा वर्षं मी तिथे
मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला शिकवत होते.
एक बाई येऊन बसल्या एकदा, आणि जाताना म्हणाल्या,
"घड्याळ हुशार आहे हो तुमचं."
सर हसले. त्या रात्री मी जेवले नव्हते,
तेवढं गाळलं.

पुढचा गुरुवार.
"द्राक्षाचा मणी लांबतो, तो कशानं?"
एक.
पंखा कुरकुरतो.
दोन. खडू बोटांत फिरतो.
तीन. पहिल्या बाकावरचा हुशार
सवयीनं सरांच्या ओठांकडे बघतो.
चार. सरांनी तोंड उघडलं.
मिटलं.
वहीखाली माझी मूठ आवळलेली.
पाच.
सहा

"जीएचं पाणी."

यमुना भोये. डावीकडच्या बाकावरची,
आज गाडी वेळेवर आली म्हणून असलेली.
"मगात घ्यायचं आणि घड बुडवायचा, सर.
दिवाळीनंतर आम्ही दिंडोरीला जातो ना, मी न् आई.
बुडवला की लगेच झटकायचा."
आणि तिचा हात हवेतच
एक न दिसणारा घड बुडवतो, उचलतो,
मनगटातून हलकेच झटकतो.
साठ माना वळलेल्या.

सरांच्या नोट्समध्ये पीपीएम आहे,
रेणूची आकृती आहे. झटकणं नाही.
"झटकायचा कशाला?" सर विचारतात,
आणि या वेळी त्यांना
खरोखरच माहीत नसतं.

मोजायचं राहून गेलं माझं.
छापील तक्त्यात यासाठी रकाना नव्हता,
समासात लिहिलं: मनगट.

त्यानंतरच्या नऊ प्रश्नांची उत्तरं
सरांनी पुन्हा स्वतःच दिली. असू दे.

तास सुटला. जिन्यात यमुनानं मला गाठलं,
"तुम्ही रोज मागे बसता,
तुमचं कुठलं वर्ष, मॅडम?"
आणि उत्तराची वाट न बघता
पळाली गाडीकडे.