खरं

माप द्यायला ती हात वर करते
आणि उजवा खांद्याशीच अडतो.
मागच्या दिवाळीला जात होता वर.

वडगावात, नाझर कॅम्पच्या वळणावर माझं दुकान.
एक मशीन, एक आरसा, एक लांबडी वही,
पेन्सिलीनं लिहिलेले आकडे.
द्वारकाक्का मुचंडीकर:
छाती अडतीस. मग छत्तीस. मग चौतीस.
या खेपेला तेहतीस, तेही सैल.
म्हातारपणी माणूस आटतं म्हणतात,
म्हणून मी नुसती लिहीत गेले.
आकड्याला आकडा लावून कधी वाचलाच नाही.

"औंदा बाही कोपराच्या खाली घे गं."
"एवढ्या उन्हाळ्यात, अक्का?"
"असू दे की."

दंडाला टेप गुंडाळला तेव्हा टेपच्या खाली
चार बोटं. पिवळी, कडेला निळसर.
पाचवं आतल्या बाजूला, अंगठ्याचं.
न्हाणीत घसरलेल्या माणसाला
फरशी अशी धरत नाही.

"पडले गं. खरं..."

आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याची माझी जाऊ हसते या शब्दाला.
अक्का त्याच्याशी येऊन थांबली
आणि बाहेर मोटरसायकल थांबली.

भरमानं वाकून आईच्या पायात चप्पल घातली.
समोरची गिरिजव्वा म्हणाली, भाळ चलो हुडुगा,
लई गुणाचा पोरगा.
आहेच, रस्त्यावर.
शिलाई त्यानंच दिली, वर कुंद्याचा एक पुडा.
पेन्शन अक्काच्या मालकाची,
तीस वर्षं उद्यमबागेत भट्टीपुढं उभं राहून मिळालेली.
पासबुक भरमाच्या डिकीत.

चष्मा दुरुस्तीला टाकलाय म्हणे.
संक्रांतीलाही दुरुस्तीलाच होता.
मधल्या काळात तिला एकदा रजिस्टर कचेरीत नेलं,
माझ्याच हातचा नवा ब्लाऊज घालून.
कागद कानडीत होता.
चष्मा असता तरी तिला वाचता आला नसता.
खरं, चष्मा असता
तर वाचता येत नाही एवढं तरी दिसलं असतं.

त्या रात्री सासूबाईंना ताट वाढताना
माझा आवाज मला ऐकू आला,
"आवरा की लवकर."
भाकरी मोडायला त्यांना वेळ लागतो.
मी ताटाशी बसून राहिले.
त्यांनी दोनदा माझ्याकडं बघितलं,
घाबरल्यासारखं.

वीस वर्षांत माझी बाही कधी चुकली नव्हती.
ही चौथ्यांदा चुकवलीय.
भरमा वैतागला, "दुसरा टेलर बघू काय?"
म्हटलं, बुधवारी नक्की देते.
खरं अक्काला घेऊन या, अंगावर बघावं लागतं,
आणि तुम्ही जरा रस्त्यापलीकडं थांबा,
इथं बायका असतात.

पडद्यामागं दोघी जेमतेम मावतो.
शिकाऊ पोरीला सांगून ठेवलंय,
मशीन चालव. दोरा नसला तरी चालव.
त्या घरघरीत मी अक्काचा हात हातात घेते,
हलकाच, बोटं कुठं उमटणार नाहीत असा,
आणि तिचाच शब्द तिला परत देते:

"पडलीस, खरं?"